सोनेरी स्ट्रॉबेरी कुणासाठी?

साशंक : वेळ फुकट जातो, डोळे बिघडतात, ही तक्रार मी करणार नाही. आमच्या घरात ती कॅरमबद्दल झाली, क्रिकेटच्या कॉमेंटरीबद्दल झाली, आणि रात्र रात्र गाणं ऐकत बसण्याबद्दल तर माझ्याच वाट्याला आली. माझा आक्षेप पुढचा आहे. ‘सेलेस्ट’ नावाचा तो खेळ तू संपवलास. मॅडलीन ही मुलगी डोंगराच्या माथ्यावर पोचली, गोष्ट संपली. इथवर मला काही खटकत नाही, कादंबरी वाचावी तसा तू एक खेळ खेळलीस. पण त्यानंतरही तू तोच डोंगर चढत राहिलीस. राहून गेलेल्या स्ट्रॉबेऱ्या गोळा केल्यास, मग प्रत्येक प्रकरणाची ती अवघड ‘बी-साइड’, मग तिच्याहून अवघड ‘सी-साइड’. सुट्टीला धारवाडला आलीस तरी कानाला हेडफोन आणि बोटं कीबोर्डवर. गोष्ट कळून चुकल्यावरही जो थांबत नाही तो नेमका कशाच्या मागे असतो? मला तरी वाटतं, आकड्याच्या. सगळ्या चौकटीत खुणा झालेल्या बघायची एक भूक असते, आणि ती लावण्यात हे खेळ करणारे लोक तरबेज आहेत.

खेळाडू : भूक असते, ते मी नाकारत नाही. पण या खेळाने तिची वासलात कशी लावलीय ते ऐका, काका. सेलेस्ट २०१८च्या जानेवारीत आला. त्याआधी २०१५ मध्ये मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी चार दिवसांत त्याचं एक छोटं रूप तयार केलं होतं, त्याचाच हा विस्तार. यात १७५ लाल स्ट्रॉबेऱ्या आहेत, आणि बऱ्याचशा अशा जागी की हात घालावा तर काटे. आणि खेळ सुरुवातीलाच स्वच्छ सांगून टाकतो, की या गोळा केल्यास तर मित्रांवर छाप पडेल, बाकी काही नाही. खरंच काही मिळत नाही. नवी ताकद येत नाही, कुठलं दार उघडत नाही. शेवटी मॅडलीन सगळ्यांसाठी स्ट्रॉबेऱ्या घालून केकसारखं काहीतरी भाजते, आणि तुम्ही किती गोळा केल्या त्यावर ते कसं दिसतं एवढंच ठरतं. एक चित्र. लोकांना आकड्याची लालूच लावायची असती तर त्यांनी असं केलं नसतं. १९८५चा ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ आठवा. बाबांच्या वेळी कॅसेटवर यायचा तसला खेळ. तो जीव खाऊन संपवला की पडद्यावर येतं, हे सगळं सैतानाने रचलेलं मायाजाल होतं, आता पुन्हा पहिल्यापासून चला. तिथे खेळणाऱ्याला सरळ फसवलेलं आहे. इथे आधीच बजावून ठेवलंय.

साशंक : हे मला जास्त धूर्तपणाचं वाटतं. काही मिळणार नाही असं आधी सांगितलं, की खेळणाऱ्याला आपण फार निरपेक्ष आहोत असं वाटायला लागतं आणि तो दुप्पट जोराने लागतो. पण ते सोड. माझी खरी अडचण दुसरीच आहे. तुझ्या डोंगरावरची प्रत्येक खोली कुणीतरी आधी पार करून बघितलेली आहे. ती पार होते म्हणूनच ती खेळात ठेवली आहे. म्हणजे तू जिथे झगडतेस तिथे यश अगोदरच मांडून ठेवलेलं असतं. पुरेसा वेळ दिलास की ते हाताला लागणारच. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात, तेव्हा त्यांना असं वचन कुणी दिलं होतं? गुरुजी एकेक जागा घोटून घ्यायचे, तीच ती, त्यांचं समाधान होईपर्यंत. त्यातून पुढे काही निघेल याची खात्री कुणालाच नव्हती. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर बाईंचा मुळातला बारीक आवाज जाड, भारदस्त झाला, आणि त्या आवाजात त्यांनी आपलं गाणं उभं केलं. ही वाट कुणी आखून दिलेली नव्हती, कुणी आधी चालून बघितलेली नव्हती. आणि रियाजाला शेवट नसतो. मल्लिकार्जुन मन्सूर म्हातारपणी गायला बसत तेव्हा त्यांचे राग किती टक्के पुरे झाले, असं विचारणाऱ्याला या गावात कुणी शहाणा म्हटलं नसतं. जे शंभर टक्के पुरं होतं त्यात मुळातच काही तरी कमी असतं, असं माझं मन सांगतं.

खेळाडू : वाट आखलेली आहे हे मी मान्य करते. पण ज्याला तुम्ही उणीव म्हणता, मला त्याचीच गरज होती. बाहेर अपयश येतं तेव्हा त्याचा हिशेब कधीच लागत नाही. मुलाखतीला गेले, घेतलं नाही. का? मला येत नव्हतं, की जागा आधीच भरलेली होती, की माझं इंग्रजी त्यांना गावठी वाटलं? कधीच कळत नाही. मग माणूस एक तर सगळा दोष स्वतःवर घेतो, नाही तर सगळा जगावर टाकतो. दोन्ही खोटं असतं, आणि दोन्हीची सवय लागते. सेलेस्टच्या एका खोलीत मी पडते तेव्हा ते पडणं निखळ माझं असतं. खोली पार होते हे मला माहीत आहे, काटे जागचे हलत नाहीत, आणि जे हलतात ते दर वेळी तसेच हलतात. मेले की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याच खोलीच्या तोंडाशी उभी. चिडायलासुद्धा सवड नाही. किती वेळा मेलात तो आकडा खेळ लिहून ठेवतो आणि वर म्हणतो, याचा अभिमान बाळगा, तुम्ही शिकताय. असं किती तरी वेळा झाल्यावर एक दिवस मी ‘जमत नाही’ म्हणायचं सोडलं. मी बघायला लागले, की उजव्या हाताचं बोट बाणाच्या बटणावरून उशिरा उठतंय. एवढंच चुकत होतं. स्वतःच्या चुकीकडे इतक्या जवळून आणि इतक्या शांतपणे बघायला मला शाळेने शिकवलं नाही, घराने शिकवलं नाही. तुम्हीही नाही.

साशंक : हे बोलणं मला लागलं, आणि त्यात तथ्य आहे हेही खरं. पण तुझा हिशेब तू म्हणतेस तितका निखळ नाही. तूच मागे मला सांगितलं होतंस, की हा खेळ खेळणाऱ्याला गुपचूप सांभाळून घेतो. मॅडलीन कड्यावरून पुढे गेली, पाय हवेत गेला, तरी पुढचा एक क्षणभर उडीचं बटण चालतं. डोकं वरच्या कोपऱ्याला लागलं तर खेळ तिला हळूच बाजूला सरकवतो. थॉर्सनने हे सगळं २०२० मध्ये जाहीरपणे समजावून सांगितलं, असंही तू म्हणालीस. म्हणजे चूक झाली तरी ती चूक धरायची नाही, असं यंत्राने आधी ठरवून टाकलंय. मग जमलं ते तुझं किती आणि त्याच्या उदारपणाचं किती? तू अपयशाचा हिशेब चोख आहे म्हणतेस. यशाचा तर नाही.

खेळाडू : तबला वाजवणारा गवयाला सांभाळून घेतो, तेव्हा गाणं गवयाचं राहत नाही का? ते असो, तुमच्या शंकेला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर आहे. आधी मॅडलीनच्या अंगात काय आहे ते सांगते. उडी मारणं, भिंतीला धरणं, आणि हवेत एकदा डॅश, म्हणजे आठ दिशांपैकी कुठल्याही एका दिशेने झेप. कीबोर्डवर सी म्हणजे उडी, एक्स म्हणजे डॅश, झेड म्हणजे धरणं. डॅश वापरला की तिचे लाल केस निळे होतात आणि जमिनीला पाय लागला की पुन्हा लाल. गोष्टीच्या शेवटाकडे हवेतला दुसरा डॅश मिळतो, आणि संपलं. त्यापलीकडे नवं काही नाही, निदान मला तसं वाटायचं. मग सप्टेंबर २०१९ मध्ये ‘फेअरवेल’ हे नववं प्रकरण आलं, आणि तिथे खेळ बसवून शिकवतो की तिरपा खाली, जमिनीकडे डॅश करा आणि पाय टेकताक्षणी उडी मारा. मॅडलीन सुसाट आडवी फेकली जाते आणि डॅश परत मिळालेला असतो. याला वेव्हडॅश म्हणतात. हे करता येणं पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या खोलीपासून खेळात होतं! कुणी मना केलं नव्हतं, फक्त कुणी सांगितलं नव्हतं. मी मागे जाऊन पहिलं प्रकरण उघडलं आणि तिथे ते करून बघितलं. जी जागा मला पाठ होती असं मी समजत होते तिथून मी वेगळ्याच वाटेने गेले. गोष्ट संपल्यावर थांबले असते, तर हात काय करू शकतात ते न कळताच मी खेळ बंद केला असता. म्हणून मी म्हणते, गोष्ट संपवणं आणि खेळ पुरा करणं यात फार अंतर आहे. गोष्ट संपवताना मी मॅडलीनला ओळखलं. पुरं करताना त्या डोंगराला.

साशंक : आता तू मला माझ्या अंगणात आणलंस. तोच राग आयुष्यभर आळवल्यावर त्यात नवी जागा सापडते, हे मी शेकडो बैठकींत ऐकलंय. पण ते एक असू दे. मला त्या सोनेरी स्ट्रॉबेरीबद्दल सांग. लाल स्ट्रॉबेऱ्या मला समजल्या, वेव्हडॅशही समजला. त्या सोनेरीत शिकण्यासारखं काय उरलं?

खेळाडू : ती प्रकरणाच्या सुरुवातीलाच ठेवलेली असते. उचला आणि पूर्ण प्रकरण एकदाही न मरता पार करा, तरच ती तुमची. मध्ये मेलात तर ती परत पहिल्या जागी आणि तुम्हीही परत तिथेच. पहिल्या प्रकरणात तर पंख असलेली एक आहे. तुम्ही एकदा डॅश केला की ती मिळत नाही, म्हणजे ते प्रकरण डॅशशिवाय करायचं. यात नवं कौशल्य काहीच नाही, हे तुमचं बरोबर आहे. प्रत्येक खोली मी झोपेतही करेन अशी झालेली असते. आणि तरीही शेवटून तिसऱ्या खोलीत, स्ट्रॉबेरी मागे तरंगत येतेय, माझे तळवे ओले होतात. ज्या उडीला मी कधी चुकले नाही तिथे मी विचार करायला लागते, आणि विचार केला की चुकतेच. खोली तीच, काटे तेच. फक्त माझ्याकडे आता गमावण्यासारखं काहीतरी आहे. काका, चौथ्या प्रकरणात मॅडलीनला रोपवेच्या पाळण्यात श्वास लागतो. घाबरून तिचा जीव गोळा होतो. तिचा मित्र थिओ तिला म्हणतो, एक पीस हवेत तरंगतंय असं मनात आण आणि श्वासाने ते खालीवर ने. पहिल्यांदा खेळताना मी तो प्रसंग गोड म्हणून बघितला आणि पुढे गेले. सोनेरी स्ट्रॉबेरीच्या वेळी मी ते खरोखर केलं. बटणावरचं बोट न उचलता श्वास सोडायला शिकले.

साशंक : ही मैफलीची भीती आहे. मला ठाऊक आहे, दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर बघितलेली. घरी रियाजात सहज येणारी जागा स्टेजवर येत नाही, आणि एकदा आली नाही की त्या माणसाचे डोळे बदलतात. पण तिथे समोर माणसं असतात, काही तरी पणाला लागलेलं असतं. तुझ्यासमोर कोण होतं? खोलीचं दार बंद. कुणी ऐकलं नाही, कुणाला काही मिळालं नाही. गंगूबाईंनी त्या रेल्वेच्या खेपांतून जे मिळवलं ते माझ्यापर्यंत आलं. धारवाडातल्या एका साध्या माणसाला त्यांनी मारवा काय आहे ते दाखवलं. तुझ्या सोनेरी स्ट्रॉबेरीतून माझ्यापर्यंत काय येतं? मला तुझी मेहनत कमी लेखायची नाही. मला ती फार मोठी वाटते, म्हणूनच ती कुठेच पोचत नाही याचं वाईट वाटतं.

खेळाडू : बेंद्रे अज्जांबद्दल तुम्हीच मला सांगितलंय. साधनकेरीतले द. रा. बेंद्रे, घरची भाषा मराठी, कविता कन्नडमध्ये, १९७३ मध्ये ज्ञानपीठ. आणि उतारवयात आकड्यांच्या मागे लागलेले. ४४१ ही त्यांची आवडती संख्या. लोक म्हणायचे, एवढा मोठा कवी, कशात वेळ घालवतोय! त्या आकड्यांतून लोकांपर्यंत फार काही आलं असं मला वाटत नाही. पण तो वेळ वाया गेला असं म्हणायला तुम्ही तयार नव्हतात. का? तुम्ही म्हणालात, त्या माणसाला तिथे काही दिसत होतं. मला तेवढीच सवलत द्या.

साशंक : बेंद्र्यांना ती सवलत त्यांच्या कवितेने मिळवून दिली होती. पण हरकत नाही, तुला देतो. आता मला एकच गोष्ट नीट समजावून सांग. तू त्या दुसऱ्या खेळाबद्दल बोलली होतीस, किड्यांच्या राज्याचा.

खेळाडू : ‘हॉलो नाइट’, २०१७. त्यात ‘पाथ ऑफ पेन’ म्हणून एक आडमार्ग आहे. करवती, काटे, श्वास घ्यायला जागा नाही, आणि गोष्ट पुढे न्यायला तो मुळीच लागत नाही. त्याच्या टोकाला काय मिळतं, तर काही सेकंदांचं एक दृश्य. राजा उभा आहे, शेजारी त्याने घडवलेलं मूल. ज्याच्यात मन नसावं, भावना नसावी म्हणून निवडलेलं. आणि ते मूल मान वर करून बापाकडे बघतं. बस. पण त्या एका बघण्याने राज्याची सगळी गोष्ट उलटी होते, कारण त्याला काही वाटत नव्हतं या गृहीतावरच सगळं उभं होतं. हे मला कष्टाला शोभणारं बक्षीस वाटलं. सत्य लपवलंय, आणि ते दुखणाऱ्या वाटेच्या शेवटी ठेवलंय.

साशंक : आणि ते यूट्यूबवर एका मिनिटात बघता येतं.

खेळाडू : येतं. मी आधी तसंच बघितलं होतं. काय दिसणार हे ठाऊक असूनही मी ती वाट केली, आणि तिथे पोचल्यावर मला रडू आलं. व्हिडिओ बघताना आलं नव्हतं. यातला फरक कुठे होता हे मला अजून धड सांगता येत नाही. थकव्याने आलं असेल म्हणाल, तर तेही असेल. पण तुम्ही मला सांगा. तुम्ही आयुष्यभर ऐकलंत. गायला एकदाही बसला नाहीत. मन्सूरांच्या रेकॉर्डवरची एखादी जागा तुम्हाला पाठ आहे, ती कुठे येणार हे माहीत असतं, तरी डोळे मिटून तुम्ही तिची वाट बघता. तुम्हाला ती कळते असं तुम्ही म्हणता. पण ती घेताना घशात काय होतं हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही न करता ऐकता, मी कुणी ऐकत नसताना करते. माझं कुठेच पोचत नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटतं. मग तुमच्यापर्यंत जे पोचलं त्यातलं अर्धं वाटेतच राहिलं असेल, ही शंका तुम्हाला कधी येत नाही?

साशंक : येते. एवढ्या स्पष्टपणे कुणी बोललं नव्हतं. पण मी ऐकणारा होतो म्हणून गाणारा होता, एवढं तरी मला धरून बसू दे. जी. ए. कुलकर्णी याच धारवाडात इंग्रजी शिकवत, कुणाच्या फारसे वाटेला न जाता. त्यांच्या रूपककथांतला माणूस लांब लांब जातो, अंगावर घाव घेतो, आणि टोकाला त्याला मिळतं ते निघताना मनात धरलेलं नसतं. पण जी. एं.नी ते लिहून ठेवलं. त्यांचा प्रवासी एकटा होता, लिहिणारा नव्हता, कारण मी वाचत होतो. तुझा प्रवासी एकटाच येतो आणि एकटाच जातो. त्यात तुझ्या खेळात तो ‘असिस्ट मोड’ आहे. वेग कमी करा, मरणच बंद करा, कुणीही माथ्यावर जाऊ शकतो. म्हणजे माथ्यावर पोचणं हीसुद्धा खूण राहत नाही.

खेळाडू : ते मला आवडतं. ज्याच्या बोटांत दुखणं आहे त्याने मॅडलीनची गोष्ट का बघू नये? त्याने माझं काही हिरावलं जात नाही. माथा सगळ्यांसाठी खुला आहे म्हणूनच मी ज्या वाटेने गेले त्या वाटेबद्दल मला स्वतःला विचारावं लागतं. खूण म्हणून ती कुणाला दाखवता येत नाही. लॅपटॉप बिघडून उद्या सगळी नोंद पुसली गेली तर माझ्यापाशी दाखवायला काही नसेल. हात राहतील.

साशंक : हातही विसरतात. पन्नाशीनंतर बघ.

खेळाडू : विसरू देत. गंगूबाई मात्र शिष्यांना शिकवून गेल्या, तिथे तुमचं पारडं जड आहे हे मी सोडून देते. माझ्याकडून कुणी काही शिकेल असं मला आज दिसत नाही, आणि ही उणीव खरी आहे. पण काका, मी अजून सगळं पुरं केलेलं नाही. फेअरवेलची सोनेरी राहिली आहे. ते सगळ्यात लांब आणि सगळ्यात अवघड प्रकरण, एका दमात, न मरता. आणि मला कळत नाही की ती घ्यावी का. घेतली तर नोंद भरते. पण त्या प्रकरणात मॅडलीन एका मेलेल्या माणसाचा निरोप घ्यायला तयार नसते, आणि सोडून देणं हेच तिला शेवटी करायचं असतं. गोष्ट सांगते सोड, आणि मोजणारी चौकट सांगते घे. दोन्ही त्याच माणसांनी केलेलं आहे.

साशंक : मग न घेता सोडलीस, तर ते तुला समजलं म्हणून सोडलंस की जमणार नाही म्हणून, हे कसं कळणार? तूच म्हणालीस की इथे अपयश निखळ असतं. इथे तर मला तुझाच मघाचा गोंधळ परत दिसतो, मुलाखतीनंतरचा.

खेळाडू : तो आहेच. आणि तो घेतल्याशिवाय सुटणार नाही, असं मला वाटतं. घेतल्यावर तरी सुटेल का, ते सांगता येत नाही.

साशंक : एक कर. घ्यायला बसलीस की मला बोलाव. मी खेळ बघणार नाही, मला त्यातलं काही कळत नाही. मी तुझा श्वास ऐकतो. कुणी ऐकत असताना तुझं ते करणं बदलतं का, तेवढं मला बघायचं आहे.

खेळाडू : बदलेल. आणि तुम्ही तिथे असलात म्हणून चुकले तर ती चूक कुणाची, हे आपल्याला आधी ठरवावं लागेल.